चिरेखाणीतल्या साय-फाय शूटरला एडीएस द्यायचं का?

खाडीकाठ, रत्नागिरी
मंडळी, एका मुद्द्यावर आमची टीम अडून बसली आहे, म्हणून हा धागा: एडीएस, म्हणजे बटण दाबून बंदूक डोळ्याला लावून साइटमधून नेम धरणं, द्यायचं का? आमचा साय-फाय शूटर गोदो ४ या गेम इंजिनमध्ये चालू आहे. पीसी आणि अँड्रॉइड दोन्हींवर, चार विरुद्ध चार. काळ पुढचा, जागा आपलीच: एक नकाशा चिरेखाणीचा (जांभ्या दगडाची खाण), एक सड्यावरचा (उघडं कातळपठार), एक खाडीतल्या जेट्टीचा.

आकडे असे. हेल्थ १००, वर शिल्ड १००. रायफलची गोळी १८ डॅमेज, मिनिटाला ६०० राउंड, मॅगझिन ३२. धावण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर. हिपफायरचा (साइट न लावता मारणं) स्प्रेड, म्हणजे गोळ्यांचा पसारा, मध्यापासून १.५ अंश. झूम सध्या फक्त स्नायपरला आहे.

बीजीएमआयवर (फोनवरचा शूटर) हात बसलेले टेस्टर पहिल्याच मॅचला विचारतात, "स्कोप कुठे?" जुने अरीना शूटर खेळणारे म्हणतात, एडीएस आणलंत तर आम्ही खेळणार नाही. माझा कल "नको" कडे आहे. आमच्या गेमची सगळी मजा भिंतीवरून उडी मारून हवेतच दिशा बदलण्यात आहे, आणि बंदूक डोळ्याला लावली की माणूस जागेवर थिजतो. पण कलावर गेम बनत नाही. कारणं द्या, आकडे द्या.

गुहागर_गनर
द्याच. २००३ मध्ये पहिल्या कॉल ऑफ ड्युटीने उजव्या क्लिकवर साइट आणली, त्याला इतकी वर्षं झाली. आता ती सवय नाही राहिली, भाषाच झाली आहे. आणि साय-फाय आहे म्हणून चालत नाही हे कारण पटत नाही. डेस्टिनी २०१४ चा, टायटनफॉल २०१४ चा, एपेक्स लेजेंड्स २०१९ चा. तिन्ही साय-फाय, तिन्हीत एडीएस, आणि टायटनफॉलमध्ये तर भिंतीवरून धावताना साइट लावता येते. कोण थिजतंय?

एडीएसने बंदुकीला वजन येतं. दोन बंदुकांत फरक नुसता डॅमेजचा राहत नाही. एसएमजी (छोटी मशीनगन) २०० मिलिसेकंदांत डोळ्याला लागते, रायफल २५० त, स्नायपर ४०० त. हा फरक हाताला कळतो. चालण्याचा वेग ५० टक्के करू नका, ७०-७५ ठेवा, म्हणजे थिजणार नाही.

जुना_फ्रॅगर, सावंतवाडी
गनर, भाषा म्हणालात तर दुसरी भाषाही आहे आणि ती जुनी आहे. १९९८ च्या अनरियलमध्ये उजवी क्लिक म्हणजे दुसरा फायर. प्रत्येक बंदुकीला दोन तोंडं. २०१६ च्या डूममध्ये त्याच बटणावर वेपन मॉड: शॉटगनमधून स्फोटकं मारायची, हेवी असॉल्ट रायफलला स्कोप लावायचा किंवा छोटी रॉकेटं. म्हणजे स्कोप तिथेही आहे, पण एका बंदुकीची एक निवड म्हणून आहे. सगळ्या बंदुकांना एडीएस दिलंत की तुमचं सगळ्यात मोक्याचं बटण कायमचं एकाच कामाला जुंपलं गेलं. साय-फायमध्ये बंदूक काहीही करू शकते, तिथे ते बटण साइटवर का घालवायचं?

हेलोचं उदाहरण बघा. २००१ च्या पहिल्या हेलोत झूम मोजक्या बंदुकांना: पिस्तूल, स्नायपर, रॉकेट लाँचर. असॉल्ट रायफलला नाही. म्हणून असॉल्ट रायफलवाल्याला जवळ जावं लागायचं, आणि ते जवळ जाणं हाच खेळ होता. २०१५ च्या हेलो ५ ने जवळजवळ सगळ्या बंदुकांना स्मार्ट-लिंक झूम दिला, तेव्हा भरपूर वाद झाले. पण त्यांनी दोन गोष्टी राखल्या. गोळी लागली की झूममधून बाहेर पडायचं, आणि हवेत झूम केलं तर क्षणभर तरंगता यायचं. नुसतं "घ्या की नको" असं न विचारता, घेतलंत तर कुठल्या अटीवर घेता ते विचारा.

मालवणी_मॅगझिन
माका इचारशात तर रायफलीक देवा, शॉटगनीक नको. सगळ्यांका कित्याक व्हया?

कातळ_कोडर, राजापूर
आधी एक किरकोळ पण टोचणारी गोष्ट. १८ गुणिले ११ म्हणजे १९८. अकरा गोळ्या लागूनही समोरचा दोन हेल्थवर जिवंत उरतो. प्रत्येक मॅचमध्ये "मेला कसा नाही" ही तक्रार येत असेल तर ती इथून येते. डॅमेज १९ करा: ११ गोळ्यांत २०९, म्हणजे मरतो. अकरा गोळ्यांत दहा अंतरं, प्रत्येकी ०.१ सेकंद, म्हणजे मारायला लागणारा वेळ, टीटीके, बरोबर १ सेकंद. पुढचा हिशेब १९ धरून.

खरा प्रश्न एडीएसचा वेळ आणि टीटीके यांच्या प्रमाणाचा आहे. १०० हेल्थ आणि ३४ डॅमेजच्या गेममध्ये त्याच फायर रेटला तीन गोळ्या, म्हणजे ०.२ सेकंदात खेळ खलास. तिथे साइट लावायलाच ०.२५ लागत असतील तर ज्याने आधीच लावून ठेवली आहे तो जिंकतो. लोक कोपरे धरून बसतात ते त्यामुळे. तुमच्याकडे टीटीके १ सेकंद आहे, म्हणजे साइट लावणं हा लढाईचा चौथा हिस्सा. दडून बसणाऱ्याला तितका फायदा नाही. गनरने घेतलेल्या नावांपैकी एपेक्स चालतो त्यामागेही हेच आहे. एपेक्समध्ये आर्मरमुळे लढाई लांबते, म्हणून तिथे साइट लावायला उसंत मिळते.

आता स्प्रेड. १.५ अंशाचा कोन १० मीटरवर २६ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ करतो, २० मीटरवर ५२, ३० वर ७९. खेळाडूची कॅप्सूल (गोळी लागते तो आकार) ६० सेंटिमीटर रुंद धरली, नेम अंगाच्या मध्यावर आहे आणि गोळ्या वर्तुळात सारख्या पसरतात असं मानलं, तर १० मीटरवर सगळ्या लागतात, २० वर शंभरात ६९, ३० वर ४७. म्हणजे ३० मीटरवर अकरा लागायला तेवीस-एक गोळ्या सोडाव्या लागतात, आणि टीटीके २.२ सेकंदांच्या पुढे जातो. एडीएस देऊन स्प्रेड ०.४ अंश केलात तर तिथेही सगळ्या लागतात: १ सेकंद अधिक साइटचे ०.२५.

दोन्ही पर्याय सारखे पडतात ते अंतर निघतं साधारण १६ मीटर. त्याच्या आत हिपफायर, बाहेर एडीएस. आता तुमचा नकाशा मोजा. चिरेखाणीत बहुतेक लढाया १२ ते १८ मीटरवर होत असतील तर निर्णय प्रत्येक वेळी काठावर राहील, ते छान. सड्यावर मात्र आडोसा नाही, नजर ४०-५० मीटर जाते. तिथे सगळे सतत साइट लावून हळू हळू सरकतील. तुम्हाला नको आहे ते नेमकं तेच.

हिपफायरचा कोन १.५ वरून ०.८ करा, तेच अंतर १६ वरून ३० मीटरवर जातं. म्हणजे एडीएस देऊनही ते क्वचितच लागेल असं करता येतं. वाद बटणावर चाललाय, पण गेम कसा खेळला जाईल ते हा कोन ठरवतो.

खाडीकाठ, रत्नागिरी
@कातळ_कोडर, १९ केलं. १९८ ची गंमत लॉगमध्ये डोळ्यांसमोर होती. १६ मीटरचा आकडा फारच कामाचा आहे. खाणीत नेहमीची लढाई खालच्या तळापासून दुसऱ्या पायरीपर्यंत होते, ते अंतर साधारण १४ मीटर. सड्यावर पवनचक्कीपासून विहिरीपर्यंत ४८.

शेडरवाली, चिपळूण
घ्यायचं ठरलंच तर नीट घ्या. एडीएस वाईट वाटतं त्याचं कारण बऱ्याचदा ते घेतलं हे नसतं, चुकीचं बसवलं हे असतं. गोदोपुरतं सांगते.

कॅमेऱ्याचा एफओव्ही (दृश्याचा कोन) गोदोत उभा मोजतात, डीफॉल्ट ७५ अंश. १६:९ स्क्रीनवर तो आडवा १०७.५ होतो, आणि २०:९ च्या फोनवर तब्बल ११९. आता १.२५ पट झूम हवा म्हणून ७५ ला १.२५ ने भागून ६० लिहिलंत तर प्रत्यक्षात झूम १.३३ पट होतो. अंश सरळ भागायचे नसतात. अर्ध्या कोनाचा टॅन्जंट भागायचा आणि मग परत कोन काढायचा. बरोबर उत्तर ६३.१ अंश. माउसची सेन्सिटिव्हिटीही त्याच गुणोत्तराने, म्हणजे ०.८ ने गुणा. हे चुकलं की साइट लावल्यावर नेम तरंगल्यासारखा वाटतो आणि लोक दोष एडीएसला देतात.

दुसरं, अॅनिमेशन. दर फ्रेमला लर्पमध्ये (उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा सरकणं) ०.२ टाकायची सवय सगळ्यांना असते. ६० एफपीएसवर २०० मिलिसेकंदांत १२ फ्रेम, साइट ९३ टक्के लागलेली. ३० एफपीएसवर सहाच फ्रेम, ७४ टक्के. म्हणजे स्वस्त फोनवाल्याची बंदूक खरोखर हळू उचलली जाते. डेल्टा (मागच्या फ्रेमला लागलेला वेळ) वापरून ठरावीक वेळेत पूर्ण होणारी गती ठेवा. मे महिन्यात चार्जिंगला लावून खेळताना फोन तापतो आणि एफपीएस घसरतो, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

तिसरं, साइटची जागा. बंदूक हाताने सरकवून जुळवू नका. मागच्या साइटवर एक मार्कर३डी (जागा दाखवणारा नोड) ठेवा आणि बंदुकीचं स्थान त्या मार्करच्या उलट ट्रान्सफॉर्मने काढा, म्हणजे मार्कर बरोबर कॅमेऱ्यावर येतो. नवीन बंदूक आली की फक्त मार्कर हलवायचा. स्कोपच्या भिंगात वेगळा सबव्ह्यूपोर्ट लावून दृश्य दुसऱ्यांदा रेंडर करू नका. फोनच्या जीपीयूला ते झेपत नाही. पूर्ण स्क्रीन झूम करा आणि कडेला स्कोपची चौकट दाखवा.

आणि एक खास तुमच्या नकाशासाठी. लाल ठिपक्याची साइट ठेवू नका! जांभ्याच्या भिंतीवर, त्यातही संध्याकाळच्या प्रकाशात, लाल ठिपका गायब होतो. निळसर हिरवा घ्या आणि भोवती एक पिक्सेलची काळी कड द्या. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांनाही ती कड उपयोगी पडते.

गुहागर_गनर
जांभ्यावर लाल ठिपका, हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मस्त.

अंगठेबहाद्दर, कणकवली
पीसीवाल्यांचं बोलणं चालू दे, पण टेस्टर फोनवाले आहेत ना? मग हे ऐका.

३० मीटरवरचा ६० सेंटिमीटरचा माणूस १०८० उंचीच्या स्क्रीनवर तुमच्या एफओव्हीला १४ पिक्सेल रुंद दिसतो. फोन ७२० वर रेंडर करत असेल तर नऊ-साडेनऊ. त्या नऊ पिक्सेलवर अंगठा ठेवला की अंगठ्याखाली तोच झाकला जातो. "स्कोप कुठे" असं विचारतात ते नुसतं बीजीएमआयची सवय म्हणून नाही, त्यांना समोरचा दिसतच नाही. १.२५ पटीने तो बारा होतो, दोन पटीने एकोणीस. तेव्हा फोनसाठी झूम ही चैन नाही. अचूकता वाढवा न वाढवा, झूम द्याच.

आता बटणं. उजवा अंगठा बघायलाही तोच, फायरलाही तोच. त्याच्यावरच एडीएस टाकलंत तर एक काम सुटणार. तीन वाटा द्या आणि सेटिंगमध्ये निवडू द्या. एक: फायर दाबून धरलं की आपोआप साइट लागते, सोडलं की जाते. दोन: वेगळं स्कोप बटण, टॅप करून चालू-बंद. तीन: डाव्या बाजूला वर दुसरं फायर बटण, तर्जनीने दाबायचं, चार बोटांनी खेळणाऱ्यांसाठी. बटण किमान ९ मिलिमीटरचं ठेवा आणि जागा, आकार दोन्ही बदलता येऊ द्या.

जायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरणं, विसरू नका. बंद, फक्त स्कोपमध्ये, कायम, असे तीन पर्याय बीजीएमआयमध्ये आहेत आणि बहुतेकांचा हात त्यावर बसलाय. जायरोची सेन्सिटिव्हिटी टचपेक्षा वेगळी ठेवा, आणि झूमच्या गुणोत्तराने तीही कमी करा.

दापोली_०७
पावसाळ्याचं पण बघा. जून-जुलैत बोटं कायम दमट. स्क्रीनवर ओल आली की टच मध्येच सुटल्यासारखा होतो आणि परत लागतो. "धरून ठेवा" वालं एडीएस असेल तर साइट लुकलुकते. डीफॉल्ट टॅप ठेवा. आणि "धरून ठेवा" निवडलेल्यांसाठी टच सुटल्यावर ६०-८० मिलिसेकंद थांबून मगच साइट काढा, तेवढ्यात परत लागला तर सुटलाच नाही असं धरा. हलक्या चार्जरवर लावून खेळतानाही असेच भुताटकीचे टच येतात, तेव्हाही हाच उपाय कामी येतो.

मालवणी_मॅगझिन
पावसात आधी लाईट रवता काय ता बघा, मगे टच.

पिंग_पहारा, अलिबाग
लाईटवर उपाय आहे. राउटर बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअरवर चालतो, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॉट. छोटा डीसी यूपीएस त्याला आरामात दोन-तीन तास ओढतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. घेताना व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी अडॅप्टरवर वाचून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर तो जळू शकतो. विजा कडकडायला लागल्या की मात्र यूपीएसवर विसंबू नका, अडॅप्टर भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते.

आता मूळ विषय, कारण नेटवर्कचा विचार कुणीच केला नाही. एडीएसची स्थिती सर्व्हरला कळवायची असते. "बटण दाबलं" असा एकच संदेश पाठवलात आणि ते पॅकेट हरवलं, तर तुमच्या स्क्रीनवर साइट लागलेली आणि सर्व्हरच्या मते हिपफायर. गोळ्या समोरच्याच्या अंगातून आरपार जाताना दिसतात, डॅमेज शून्य. म्हणून घटना पाठवू नका, स्थिती पाठवा: प्रत्येक टिकच्या (सर्व्हरच्या हिशेबाचा एक ठोका) कमांडमध्ये "बटण दाबलेलं आहे की नाही" हा एक बिट. सोबत मागच्या दोन-तीन कमांड परत जोडा. त्यांचा आकार नगण्य असतो, आणि मोबाइल डेटावर अधूनमधून गळणारी पॅकेटं त्यात भरून निघतात.

साइट लागण्याचा वेळ सेकंदांत मोजू नका, टिकमध्ये मोजा. ६० टिकच्या सर्व्हरवर २५० मिलिसेकंद म्हणजे १५ टिक, २०० म्हणजे १२. पूर्णांक असला की दोन्हीकडे उत्तर एकच येतं. स्प्रेडचा यादृच्छिक आकडाही कमांडच्या क्रमांकावरून काढा, म्हणजे खेळाडूला दिसलेली गोळी आणि सर्व्हरने मोजलेली गोळी एकाच जागी जाते.

@जुना_फ्रॅगर, तुमची "गोळी लागली की झूम सुटतो" ही अट मला आवडते, पण त्यात खड्डा आहे. मला गोळी लागल्याचं माझ्या फोनला उशिरा कळतं. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) ८० असेल तर निदान ४० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मी सोडलेल्या गोळ्या माझ्याकडे एडीएसच्या, सर्व्हरकडे हिपच्या. प्रत्येक लढाईत एखादी गोळी खोटी ठरणार. म्हणून झूमबरोबर अचूकता जोडूच नका. हिप आणि झूम दोन्हींत स्प्रेड एकच ठेवा. झूम सुटला तर फक्त दृश्य बदलेल, गोळीचा हिशेब बदलणार नाही. मग उशीर झाला तरी कुणाचं नुकसान नाही.

कातळ_कोडर, राजापूर
हे पटलं. माझ्या ०.८ अंशाशीही जुळतं. दोन्हींत ०.८ ठेवा, झूम १.२५. मग साइट लावण्याचा फायदा फक्त नीट दिसण्याचा, आणि किंमत वेग आणि कडेची नजर.

गुहागर_गनर
पण मग साइट लावायला कारण काय उरलं? पीसीवाला १४ पिक्सेलचा माणूस हिपनेही मारेल. तो कधीच साइट लावणार नाही, फोनवाला कायम लावेल आणि हळू होईल. म्हणजे एकाच मॅचमध्ये फोनवाल्याला दंड. स्प्रेड सारखा ठेवायचा तर रिकॉइल (गोळीचा झटका) तरी वेगळा ठेवा: साइट लावल्यावर नळी २० टक्के कमी उचलली जाऊ दे. रिकॉइलचा पॅटर्न ठरलेला असतो आणि क्लायंटच (खेळाडूचं यंत्र) कॅमेरा वर ढकलतो, त्यामुळे पिंगचा खड्डा त्यात येत नाही.

पिंग_पहारा, अलिबाग
गनर, हे चालेल. रिकॉइलने बदललेला कोन कमांडमधूनच सर्व्हरला जातो, तो परत मोजावा लागत नाही. फक्त रिकॉइल शून्य करणारे चोर पकडायला सर्व्हरवर ढोबळ तपासणी ठेवा: पंधरा-वीस गोळ्यांत नळी अजिबात उचललीच नाही तर खूण करा. हाताने रिकॉइल दाबणाऱ्यातही थोडी थरथर असते, यंत्रात नसते.

जुना_फ्रॅगर, सावंतवाडी
वेग कमी करण्याची गरजच काय, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. २० मीटरवर आडवा पळणारा माणूस सेकंदाला १७ अंश सरकतो, १० मीटरवर ३४. झूममध्ये हेच सव्वापट भासतं. जवळच्या लढाईत झूम लावणाऱ्याला तीच शिक्षा पुरेशी आहे. वर वेगही कापलात तर दोनदा मारलंत. सहाचे सहा मीटर ठेवा. साइट लावून उडी मारू द्या, तुमचा गेम त्याचाच आहे ना? फक्त धावता धावता साइट लागू नये, धावणं थांबून १२ टिकने लागावी. तेवढं बंधन बस झालं.

आणि उजव्या क्लिकचं माझं म्हणणं सोडलेलं नाही. पिस्तूल, शॉटगन, प्लाझ्मा यांना त्या बटणावर दुसरा फायर द्या. रायफल आणि स्नायपरला झूम. मालवणी_मॅगझिन पहिल्या ओळीत हेच म्हणाले होते.

मालवणी_मॅगझिन
तेवाच सांगलंय मी!

शेडरवाली, चिपळूण
सड्याच्या नकाशाबद्दल एक. त्याला पावसाळी धुकं लावताय का? गोदोच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये धुक्याची घनता अशी ठेवा की ३५-४० मीटरपलीकडे माणूस नीट दिसू नये. मग ४८ मीटरची सरळ रेषा असूनही लांबून साइट लावून बसण्यात अर्थ राहत नाही, लोकांना पुढे यावंच लागतं. पावसातला सडा दिसतोही तसाच. मात्र धुकं ग्राफिक्स सेटिंगमधून बंद करता येऊ देऊ नका, नाहीतर कमी सेटिंगवाला सगळं बघेल आणि बाकीचे आंधळे.

दापोली_०७
सड्यावर कातळशिल्पं दाखवणार आहात का? कशेळीचा हत्ती, देवाचे गोठणे, बारसू. रत्नागिरी-राजापूरकडचा सडा म्हटला की ती आलीच. २०२२ मध्ये कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. दाखवलीत तर एक विनंती: त्यावर स्फोटाचे डाग, गोळ्यांची भोकं उमटू देऊ नका. ग्रेनेड फुटला तरी कातळ तसाच राहावा. खरी शिल्पं उघड्यावर आहेत, गेममध्ये तरी ती उडवायचा खेळ नको.

खाडीकाठ, रत्नागिरी
@दापोली_०७, नक्की. शिल्पाचा कातळ वेगळा मेश करून त्याला डेकल (वर उमटणारे गोळ्यांचे, स्फोटाचे डाग) लागू नये म्हणून डेकल नोडच्या कल मास्कमधून तो लेयर वगळतोय. शिल्पं हुबेहूब उतरवणार नाही, त्या शैलीत नवी रेखाटू.

कातळ_कोडर, राजापूर
लांब नजरेवर अजून एक उपाय किल्ल्यांत आहे. सिंधुदुर्गचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं. त्याचा मुख्य दरवाजा बाहेरून सरळ दिसत नाही, बुरुजांच्या वळणात लपलेला आहे. समोर जाईपर्यंत वाट कळत नाही, आणि आत शिरणाऱ्याला वळावंच लागतं. जेट्टीच्या नकाशात दोन्ही टोकांना अशी वळणं द्या. १६ ते २० मीटरपेक्षा लांब सरळ रेषा एक-दोनच ठेवा, त्याही स्नायपरसाठी मुद्दाम. बाकी सगळीकडे साइट लावायचा प्रश्नच येणार नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी
सगळं वाचून दोन बिल्ड काढतोय.

पहिला: एडीएस नाही, स्प्रेड ०.८, झूम फक्त स्नायपरला, बाकीच्या बंदुकांच्या उजव्या क्लिकवर दुसरा फायर. फोनला मात्र एफओव्हीचा स्लायडर, उभा ७५ वरून ६० पर्यंत खाली आणता येईल असा, म्हणजे समोरचा दिसेल.

दुसरा: रायफल आणि स्नायपरला झूम, रायफलला १.२५ पट, १२ टिक, स्प्रेड दोन्हींत ०.८, रिकॉइल झूममध्ये २० टक्के कमी, वेग तोच, धावताना साइट नाही. गोळी लागली की झूम सुटेल, पण गोळीचा हिशेब तोच राहील. फोनवर तिन्ही बटणपद्धती, डीफॉल्ट टॅप. पिस्तूल, शॉटगन आणि प्लाझ्माला दोन्ही बिल्डमध्ये दुसरा फायर.

प्रत्येक गोळीला लॉगमध्ये लिहितोय: अंतर, झूम होता की नाही, लागली की नाही, फोन की पीसी. कोणता बिल्ड आवडला हे विचारायचं शेवटी ठेवलंय. आधी बघायचं आहे की दुसऱ्या बिल्डमध्ये १६ मीटरच्या आत किती जण साइट लावतात. तिथेही सगळे लावत असतील तर माझ्यासाठी एडीएसचा निकाल लागला, ते जाईल.

अंगठेबहाद्दर, कणकवली
फोनवाल्यांचं पहिल्या बिल्डमध्ये वाटोळं होणार नाही एवढं बघा. ६० चा एफओव्ही म्हणजे कडेचं कमी दिसणार, पाठीमागून मरतील. पायांच्या आवाजाची दिशा तरी पक्की करा, स्टीरिओ हेडफोनवर डावं-उजवं स्पष्ट हवं.

गुहागर_गनर
लॉगमध्ये साइट कधी लावली त्याची वेळही घ्या. समोरचा दिसायच्या आधीच लावून ठेवली होती का, तेवढ्यावरून दडून बसणं कळतं. नुसतं "झूम होता" यावरून कळणार नाही.

पिंग_पहारा, अलिबाग
वेळ नको, टिकचा क्रमांक घ्या. आणि समोरचा पहिल्यांदा नजरेत आला तो टिक सर्व्हरवर रेकास्टने (नजरेची रेषा म्हणून किरण सोडून) काढा, क्लायंटला विचारू नका. डोकं, छाती, कंबर अशा तीन बिंदूंना किरण सोडा. एकच किरण मध्यावर सोडलात तर चिऱ्याच्या पायरीआडून डोकं दिसत असूनही "दिसला नाही" असं नोंदलं जाईल. आठ खेळाडूंना समोरचे चार, प्रत्येकी तीन किरण, म्हणजे टिकला ९६ रेकास्ट. सर्व्हरला जड वाटले तर दर चौथ्या टिकला सोडा, ६७ मिलिसेकंदांचा फरक या कामाला चालतो.